आठी आणि सुई

सिटी चौकातून सराफ्याचा रस्ता धरून शहागंजकडे चालत निघालं, की एखाद्या पेढीवर कधीतरी हे दृश्य दिसतं. आजीच्या मांडीवर टोपडं घातलेलं बाळ, शेजारी मुठीत गुळाचा खडा घेऊन उभी असलेली आत्या, आणि समोर सोन्याची बारीक तार चिमटीत धरून बसलेले सोनारकाका. 'ती बघ चिऊ' म्हणेपर्यंत तार पाळीतून आरपार गेलेली असते. बाळ भोकाड पसरतं, आजी पदरानं डोळे टिपते आणि काका पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

मी असाच एकदा ते पाहून पुढे आलो, शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी थांबलो, खिशातून मोबाइल काढला, तर पडद्यावर एका बाईचा चेहरा. डोळे मिटलेले, चर्या शांत, आणि कपाळ, गाल, हनुवटी अशा सगळीकडून साळिंदराच्या काट्यांसारख्या वर आलेल्या चकचकीत सुया. खाली दावा होता की शस्त्रक्रिया नको, औषध नको, सुया टोचून घ्या आणि चेहऱ्याचं वय कमी करा. 'कॉस्मेटिक ॲक्युपंक्चर' म्हणतात ते हेच. जाहिरात पाहून हसू आलं. पण घरी पोचेपर्यंत डोक्यात एक प्रश्न घोळत राहिला: एवढीशी सुई कातडीत शिरते, तेव्हा आत नेमकं घडतं तरी काय?

उत्तर शोधायला चीनला जायच्या आधी आपल्या आजीच्या कपाळाकडे बघायला हवं.

चेहऱ्याला सुई ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. मराठवाड्यातल्या जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, गालावर हिरवट गोंदण असे. गोंदणारी बाई दोन-तीन सुया एकत्र बांधायची, काजळीत बुडवायची आणि टोचायची. आता एक साधी गोष्ट बघा. हातावरची मेंदी दोन-तीन आठवड्यांत उडून जाते आणि आजीचं गोंदण मात्र आजीबरोबर जातं. दोन्ही रंगच, दोन्ही कातडीतच. मग हा फरक कशामुळे?

मेंदी बसते ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरावर. हा थर म्हणजे सतत गळणारं आणि खालून सतत नवं येणारं छप्पर. साधारण महिन्याभरात ते पुरं बदलतं. गोंदणाची सुई मात्र हे छप्पर ओलांडून खालच्या थरात, म्हणजे 'डर्मिस'मध्ये काजळी सोडते. हा थर असा झडून जात नाही. तिथल्या भक्षक पेशी ते काळे कण गिळून बसतात. एक पेशी मेली की तिच्या पोटातला कण दुसरी गिळते. आजीचं गोंदण ऐंशी वर्षं तसंच दिसतं, कारण पेशींच्या पिढ्यांमागून पिढ्या तो रंग एकमेकींच्या हाती सोपवत आलेल्या असतात.

सुरकुत्यांची सगळी कथा याच खालच्या थरात घडते. क्रीम बहुधा छपरावर राहतं, सुई खालच्या घरात उतरते. सुईवाल्यांच्या बाजूनं एवढा मुद्दा पक्का आहे.

त्या घरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजनचा. त्याचा रेणू तीन पेडांची वेणी घातल्यासारखा असतो, आणि अशा वेण्या एकमेकींना टाके घालून जोडल्या की कातडी गोधडीसारखी जाड, घट्ट आणि उबदार होते. या गोधडीचे शिंपी म्हणजे 'फायब्रोब्लास्ट' पेशी. तरुणपणी त्या भराभर विणतात. विशी ओलांडली की दरवर्षी सुमारे एक टक्का कोलॅजन कमी होत जातं. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतरची पहिली ५ वर्षं ते फार भरभर ओढून नेतात. त्या काळात कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन जातं. 'अगं, दोन वर्षांत किती उतरलीस!' असं मावशी म्हणते, तेव्हा तिच्या बोलण्याला असा हिशेब असतो.

गोधडी विरली की तिच्यावर घड्या पडतात. त्या कुठे पडायच्या हे ठरवतात चेहऱ्याचे स्नायू. अंगातले बहुतेक स्नायू हाडाला हाड जोडतात, पण चेहऱ्याचे स्नायू थेट कातडीत जाऊन रुततात. म्हणून तर माणूस शब्द न काढता घरभर भांडू शकतो. आपल्या भाषेनं या स्नायूंची यादी केव्हाच करून ठेवलेली आहे. कपाळाला आठ्या घालणं हे एका स्नायूचं काम, भुवया आक्रसणं दुसऱ्याचं, नाक मुरडणं तिसऱ्याचं, ओठ मुडपणं चौथ्याचं. शरीरशास्त्राच्या पुस्तकात नाक मुरडणाऱ्या स्नायूचं लॅटिन नाव एका ओळीत मावत नाही, इतकं लांबलचक आहे. आपलं 'नाक मुरडणं' जास्त नेटकं. घडी नेहमी स्नायूच्या ओढीला आडवी पडते. कपाळाचा स्नायू उभा ओढतो, म्हणून आठी आडवी.

आता सुईकडे येऊ. दवाखान्यातल्या इंजेक्शनची सुई पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचं असतं, आणि तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. चेहऱ्यासाठी वापरतात ती ॲक्युपंक्चरची सुई भरीव पोलादाची, ०.१२ ते ०.२० मिलिमीटर जाडीची, म्हणजे फार तर एखाद्या राठ केसाच्या दुप्पट. तिच्यातून काहीही आत जात नाही. ती फक्त शिरते, पंधरा-वीस मिनिटं थांबते आणि निघून येते. मग परिणाम कशाचा?

एक प्रयोग आत्ताच करून बघा. नखानं हाताच्या आतल्या बाजूला जरा दाबून रेघ ओढा. क्षणभर ती फिकी पडते, मग तिथे लाली चढते, आणि जरा जोरात ओढली असेल तर लाली रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरते. (वर्ण सावळा असेल तर लाली कमी दिसेल, पण ऊब जाणवेल.) पसरलेल्या भागाला तर नख लागलेलंच नाही. इंग्लंडमधले थॉमस ल्युइस यांनी १९२७ साली याचा नीट अभ्यास मांडला. कातडीतले मज्जातंतू डिवचले गेले, की ती खबर फक्त मेंदूकडे जात नाही. तंतूच्या आजूबाजूच्या फांद्यांतूनही उलटी फिरते, तिथे रसायनं सुटतात आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. गल्लीत आरडाओरड झाली की पोलीस यायच्या आधी शेजारी दारं उघडतात, तसं. चेहऱ्यावर तीस-चाळीस सुया म्हणजे तीस-चाळीस ठिकाणी उघडलेली ही दारं. रक्त वाढतं, थोडी सूज येते, त्या सुजेनं बारीक रेषा भरून निघाल्यासारख्या दिसतात आणि माणूस आरशात बघून म्हणतो, 'अरे वा!' ही चमक खोटी नाही. ती थोड्या वेळाची पाहुणी असते, इतकंच.

दुसरी गोष्ट मला याहून विलक्षण वाटते. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लँजव्हिन यांनी २००१-२००२ च्या सुमारास एक जुनं निरीक्षण तपासायला घेतलं. ॲक्युपंक्चर करणारे सांगतात की सुई बोटांत फिरवली की 'पकड' बसते. मासा गळाला लागल्यासारखी ती आतून धरली जाते. लोकांना वाटायचं, स्नायू आवळत असेल. लँजव्हिन यांना दिसलं ते वेगळंच. कातडीखालच्या जोडऊतीचे तंतू फिरत्या सुईभोवती चातीवर सूत गुंडाळावं तसे गुंडाळले जातात, आणि ही ओढ दूरवरच्या फायब्रोब्लास्ट पेशींपर्यंत पोचते. त्या पेशी आपला आकार बदलतात, पसरतात, आतली बांधणी नव्यानं रचतात. म्हणजे गोधडीचा एक धागा ओढला की कोपऱ्यात डुलक्या घेणारा शिंपी दचकून उठतो. उठल्यावर तो नवं कापड विणतो का, आणि सुरकुती पुसण्याइतकं विणतो का, हा मात्र पुढचा प्रश्न. तो या प्रयोगानं सुटत नाही. जाहिरातवाले नेमकी याच जागी उडी मारतात.

चिनी परंपरेला हे तंतू-पेशींचं गणित ठाऊक नव्हतं. तिथे शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती वाहते, तिच्या वाटा आहेत आणि वाटांवर थांबे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ३६१ थांब्यांच्या जागा प्रमाणित करून छापल्या. चेहऱ्यावरच्या थांब्यांची नावं म्हणजे कविताच आहे. भुवईच्या शेवटाशी असलेल्या बिंदूचं नाव 'रेशमी बांबूची पोकळी'. नाकपुडीच्या कडेला 'यिंगश्यांग', म्हणजे सुगंधाचं स्वागत. दोन भुवयांच्या मधोमध 'यिनतांग', म्हणजे शिक्क्याचं दालन. खालच्या ओठाखालच्या खळग्यात 'छंगच्यांग', जिथे तोंडातून ओघळलेला रस अडतो तो थांबा.

आता जरा आपल्या पणजीचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. शिक्क्याच्या दालनावर कुंकू. सुगंधाच्या स्वागताला नथ टेकलेली. रस अडतो त्याच्या खाली हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. हे वाचून कुणी 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असा संदेश तयार करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये, ही विनंती. माणसाच्या चेहऱ्यावर नजरेत भरणाऱ्या जागा मोजक्याच असतात. कुंकू लावणारीनं आणि सुई टोचणाऱ्यानं त्याच हेरल्या, यात गूढ काही नाही. गंमत मात्र नक्की आहे.

आणखी एक नवल. चेहऱ्याच्या तक्रारीसाठी चिनी वैद्य ज्या थांब्याला सगळ्यात मान देतो, तो चेहऱ्यावर नाहीच. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात तो असतो. म्हणून चेहऱ्याच्या सुया टोचणारा माणूस हातापायांवरही दोन-चार टोचतो.

सुयांचा इतिहास तर आपल्या सराफ्याला शोभेल असा आहे. १९६८ साली चीनच्या हपै प्रांतात मानछंग इथे ल्यू शंग या राजपुत्राची कबर सापडली. तो इसवी सनापूर्वी ११३ मध्ये वारला. त्याच्यासोबत पुरलेल्या वस्तूंत वैद्यकाच्या ९ सुया होत्या: ४ सोन्याच्या, ५ चांदीच्या. पुढे सोंग राजवटीत, १०२७ च्या सुमारास, वांग वैयी यांनी माणसाच्या उंचीचे काशाचे पुतळे घडवून घेतले. अंगभर बारीक भोकं, वरून मेणाचा थर, आत पाणी. परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यानं सुई टोचायची. नेमकी जागा साधली तर पाणी यायचं, चुकली तर सुई आत जायचीच नाही. आजच्या कुठल्याही तोंडी परीक्षेपेक्षा ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते.

याच हपै प्रांतात एक मराठी माणूस चिरविश्रांती घेतो आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटानं त्यांना घरोघर पोचवलं. ॲक्युपंक्चर भारतात कोटणिसांनी आणलं असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. त्यांच्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि ती इथे घेऊन आले. केंद्र सरकारनं २००३ च्या आदेशात ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून जागा दिली आणि २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता. महाराष्ट्रानं २०१५ चा ॲक्युपंक्चर अधिनियम करून त्यासाठी परिषद आणि नोंदणीची तरतूद केली. म्हणजे आपल्या राज्यात सुई टोचणाऱ्याला 'नोंदणी क्रमांक काय?' असं विचारता येतं. हा अधिकार फार थोडे लोक वापरतात.

मग, सुरकुत्या जातात का?

या प्रश्नावर ज्या अभ्यासाचा सगळ्यात जास्त दाखला दिला जातो, तो दक्षिण कोरियातला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. ४० ते ५९ वयाच्या २८ बायका, तीन आठवड्यांत पाच वेळा चेहऱ्याला सुया. २७ जणींनी उपचार पुरा केला आणि चेहऱ्याच्या लवचिकपणात सुधारणा दिसली. ऐकायला बरं वाटतं. पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. ज्यांना सुया टोचल्या नाहीत पण तितकाच वेळ शांत पडून राहायला दिलं, अशा बायका नव्हत्या. अभ्यास करणाऱ्यांनीही तो प्राथमिक चाचणी म्हणूनच मांडला होता. २७ जणी, तीन आठवडे आणि तुलनेला कुणी नाही: एवढ्या पायावर 'दहा वर्षं तरुण' हा इमला उभा राहत नाही.

तुलनेचा हट्ट कशासाठी, ते जर्मनीतल्या २००७ च्या एका मोठ्या अभ्यासावरून कळतं. तो कंबरदुखीचा होता, १,१६२ रुग्णांचा. खऱ्या थांब्यांवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना गुण आला. भलत्याच ठिकाणी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के लोकांना आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत मात्र फक्त २७.४ टक्के. यातून दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवता येतात. सुईनं काहीतरी होतं, हे खरं. पण ती नेमकी कुठे टोचली याला फारसं महत्त्व दिसत नाही, हेही खरं. वीस मिनिटं कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतं, आपण डोळे मिटून पडतो, मोबाइल हातात नसतो, भुवया आपोआप सैल होतात. घरातल्या किती बायकांना दिवसात अशी वीस मिनिटं मिळतात? माझा अंदाज असा, की चेहरा उजळण्यामागे या पडून राहण्याचा वाटा सुईइतकाच असावा.

सुईनं कोलॅजन वाढवण्याची कल्पना मात्र टाकाऊ नाही. कातडीच्या डॉक्टरांकडे 'मायक्रोनीडलिंग' करतात, त्यात बारीक काट्यांचा रूळ किंवा यंत्र फिरवून हजारो छिद्रं पाडतात. शरीर त्याला जखम समजतं आणि दुरुस्तीला लागतं. पुरळाच्या खड्ड्यांवर त्याचा उपयोग बऱ्यापैकी सिद्ध झालेला आहे. तिथे हजारो छिद्रं, इथे तीस-चाळीस. तत्त्व एकच, मात्रा वेगळी. बोटॉक्सचा मार्ग याच्या अगदी उलटा: ते कुणाला जागं करत नाही, आठी घालणाऱ्या स्नायूलाच काही महिने झोपवून टाकतं.

चेहऱ्याचं वय खरं वाढवतं कोण, याचा पुरावा एका छायाचित्रात आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकानं ६९ वर्षांच्या माणसाचा चेहरा छापला. २८ वर्षं मालाचा ट्रक चालवलेला. उजवा गाल वयाला साजेसा, डावा मात्र नांगरलेल्या वावरासारखा खोल घड्यांनी भरलेला. तिथे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीतून येणारं ऊन रोज डाव्या गालावर. काचेतून अतिनील किरणांचा एक प्रकार सहज आत येतो आणि तो थेट डर्मिसपर्यंत जाऊन गोधडी उसवतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. पुढच्या वेळी जालना रोडवर एखाद्या जुन्या ट्रकवाल्याशी गप्पा मारायची वेळ आली, तर त्याचे दोन्ही गाल नीट बघा.

म्हणून आपल्या शहरातल्या मुली स्कूटीला चावी लावायच्या आधी स्कार्फ गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात, त्याला कुणी हसू नये. मराठवाड्याच्या उन्हात सुरकुत्यांवरचा तो सगळ्यात स्वस्त इलाज आहे, आणि त्याच्या बाजूचा पुरावा कुठल्याही सुईपेक्षा भक्कम आहे. त्यात सनस्क्रीनची भर घातली आणि विडी-सिगारेट सोडली, तर उत्तमच.

तरीही कुणाला सुया टोचून बघायच्याच असतील, तर मी अडवणार नाही. अनुभव सुखाचा असू शकतो आणि जाणत्या हातात धोका थोडा. पण आपल्या म्हणीतला सोनार इथे फार उपयोगी पडतो. सोनारानंच कान टोचावेत असं आपण म्हणतो, ते हात बसलेला असतो म्हणून. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोळ्याखाली काळंनिळं होण्याची तयारी ठेवा, किंवा सरळ नको म्हणा. आपल्या सावळ्या कातडीवर जखमेचे डाग रेंगाळतात, तेव्हा घरच्या लग्नाच्या आठवडाभर आधी हा प्रयोग नको. नाक आणि वरचा ओठ मिळून होणाऱ्या त्रिकोणातल्या शिरांचा संबंध मेंदूलगतच्या शिरांशी असतो; तिथे जंतू शिरला तर प्रकरण गंभीर होऊ शकतं, म्हणून पुरळ पिकलेलं असताना सुई नाही. आणि एका सकाळी तोंड अचानक वाकडं झालं, डोळा मिटेना, तर सुया शोधत फिरू नका. आधी तडक रुग्णालय गाठा. तो पक्षाघाताचा झटका नाही ना हे तिथेच कळेल, आणि चेहऱ्याचा लकवा असेल तर औषध पहिल्या ७२ तासांत सुरू होणं महत्त्वाचं.

खुर्चीवर आडवं होण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडायला सांगा, कारण एकदा वापरलेली सुई दुसऱ्याच्या अंगाला लागता कामा नये. कावीळ आणि एचआयव्ही दोन्ही तिच्यावरून प्रवास करतात. किती सुया टोचल्या ते मोजून ठेवा, आणि उठण्याआधी निघालेल्याही मोजा. केसांच्या कडेला एखादी हमखास विसरते.